आजोबांचं तेल, पप्पांचं तेल

पप्पांच्या हृदयात स्टेंट बसला, त्याच्या चौथ्या दिवशी आमच्या मुकुंदवाडीच्या घरात ऑलिव्ह ऑइलची बाटली आली. माझ्या भावानं जालना रोडवरच्या एका मोठ्या दुकानातून आणली. बिल मम्मीला दाखवायचं नाही असं आमचं ठरलं होतं, पण तिनं ते पिशवीतून काढून वाचलंच. मग आजीनं बाटली हातात घेतली, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "हे तर लेकराच्या मालिशीचं तेल. तू जन्मलीस तवा मेडिकलातून आणलं होतं, पत्र्याच्या बारक्या डब्यात. आता हे भाजीत घालायचं?"

आजी ८३ वर्षांची आहे आणि तिचं बरोबर होतं. आपल्याकडे कित्येक घरांत ऑलिव्हचं तेल आधी बाळाच्या अंगाला लागलं. स्वयंपाकघरात ते फार उशिरा आलं, आणि आलं ते हृदयाचं नाव घेऊन. त्याच्या आधी हृदयाचं नाव घेऊन आमच्या घरात दुसरं एक तेल आलं होतं. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. ते तेल होतं करडीचं.

१९९१ साली आजोबांना पहिला झटका आला. वय ५५. रेल्वेत गँगमन म्हणून लागले होते, पुढे मुकादम झाले. दिवसाला एक-दीड बंडल बिडी. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की तूप बंद, डालडा बंद, शेंगदाण्याचं तेल बंद, आता फक्त करडईचं रिफाइंड. पप्पा तेव्हा नुकतेच चिकलठाणा एमआयडीसीत नोकरीला लागले होते. पगारातून त्यांनी तो कॅन आणला, नेहमीच्या तेलाच्या जवळजवळ दुप्पट भावानं. कॅनवर हृदयाचं चित्र होतं. आजी म्हणते, तिला आधी कळेचना हे काय आहे. कोणीतरी सांगितलं तेव्हा ती हसली. "अगं, आमच्या वावराच्या धुऱ्याला काट्याची करडी असायची. ढोरं आत येऊ नयेत म्हणून लावायचो. तिचं तेल घाण्यावरून आणायचो. गरिबाचं तेल ते. ते डॉक्टरचं कधी झालं?"

हा प्रश्न मी गेली दोन वर्षं डोक्यात घेऊन फिरते आहे. करडी डॉक्टरची कधी झाली, आणि नंतर तिथूनही कशी गेली?

आजीचं माहेर बदनापूरकडचं. तिच्या लहानपणी, म्हणजे निजामाचं राज्य नुकतंच संपलं होतं तेव्हा, त्या काळ्या रानात रब्बीला ज्वारी आणि ज्वारीच्या कडेनं करडी हे ठरलेलं असे. करडीचं सोटमूळ खोल जातं. पावसाळा संपल्यावर काळ्या मातीत जी ओल उरते, तीच ते खालून ओढून घेतं. वरून एक थेंब पाणी न देता पीक हाती येतं. कोवळी असताना पाल्याची भाजी करायची, मोठी झाली की काट्यांचं कुंपण, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बी. काढायला पहाटे जायचं, कारण दवानं काटे नरम असतात. हाताला चिंध्या गुंडाळायच्या. ऊन चढलं की काम बंद. बडवून निघालेलं बी तेल्याकडे न्यायचं. बैलाच्या घाण्यावर त्याचं तेल निघायचं आणि पेंड म्हशीला जायची. घरात आठ माणसं, आणि आठवड्याला अच्छेर तेल. ते पुरायचं. पुरवायचं असायचं, हे जास्त खरं.

लग्नकार्यात मात्र डालडा. पिवळा डबा, त्यावर हिरवं झाड. १९३७ पासून हा डबा बाजारात होता आणि आजीच्या लग्नापर्यंत तो खेड्यातल्या पंगतीत प्रतिष्ठेचा झाला होता. तेलाला हायड्रोजन जोडून केलेलं ते घट्ट वनस्पती तूप हृदयाला काय करतं हे कळायला पुढची अर्धी शतकी गेली. त्यातल्या ट्रान्स फॅटवर आपल्याकडे २ टक्क्यांची मर्यादा आली ती थेट जानेवारी २०२२ मध्ये.

इकडे आजी करडी बडवत होती त्याच काळात अमेरिकेत मध्यमवयीन पुरुष धडाधड हार्ट अॅटॅकनं मरत होते. मिनेसोटाचे अॅन्सेल कीज यांचं म्हणणं होतं की दोष चरबीचा आहे, त्यातही लोणी आणि मांसातल्या संपृक्त चरबीचा. १९५८ पासून त्यांनी सात देशांतल्या पुरुषांचा अभ्यास सुरू केला. त्यात ग्रीसचं क्रीट बेट होतं. तिथले शेतकरी भरपूर चरबी खात, पण ती ऑलिव्हच्या तेलाची. आणि त्यांच्यात हृदयविकार फारच कमी. ऑलिव्हची आजची सगळी कीर्ती या बेटापासून सुरू होते.

पण ऑलिव्ह सगळीकडे पिकत नाही. प्रयोगांत मात्र एक गोष्ट दिसत होती की काही बियांची तेलं रक्तातलं कोलेस्टेरॉल ऑलिव्हपेक्षाही जास्त खाली आणतात. ज्या तेलात लिनोलिक आम्ल जास्त, ते पुढे. आणि नेहमीच्या खाद्यतेलांत लिनोलिक सगळ्यात जास्त कशात, तर करडईत. जवळजवळ तीन चतुर्थांश. धुऱ्यावरचं काटेरी झुडूप असं एकदम पहिल्या नंबरावर आलं.

मुंबईच्या बॉम्बे ऑइल इंडस्ट्रीजनं करडईचं रिफाइंड तेल सफोला नावानं विकायला घेतलं. नाव बेतलेलं होतं ते करडईच्या इंग्रजी नावावरून, सॅफ्लॉवरवरून. १९९० मध्ये हा धंदा मॅरिको या नव्या कंपनीकडे आला. नव्वदच्या दशकातल्या त्यांच्या जाहिराती हार्ट अॅटॅकची भीती दाखवणाऱ्या होत्या आणि त्या चालल्या. शहरातल्या साठीच्या आतल्या बापांसाठी हे तेल घेणं म्हणजे बायको-मुलांनी केलेली काळजी, असं ते समीकरण झालं. आमच्या घरात कॅन आला तो त्याच लाटेत. इथे कुणी कुणाला फसवलं असं मला म्हणायचं नाही. त्या वेळचं शास्त्र तेच सांगत होतं.

मधेच एक गोष्ट सांगते, कारण ती आजोबांच्या जवळची आहे. पश्चिम रेल्वेचे एक वैद्यकीय अधिकारी होते, एस. एल. मल्होत्रा. त्यांनी १९५८ ते १९६२ या पाच वर्षांत देशभरातल्या दहा लाखांवर रेल्वे कर्मचाऱ्यांमधले हृदयविकाराचे मृत्यू मोजले. १९६७ मध्ये ते ब्रिटिश नियतकालिकात छापून आलं. पंजाबकडचे कर्मचारी दक्षिणेतल्यांपेक्षा कितीतरी पट जास्त चरबी खात, तीही दूध-तुपाची. तरी हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण दक्षिणेत सुमारे सातपट. म्हणजे कीज यांच्या अंदाजाच्या बरोबर उलट. त्या आकड्यांवर शंका घेता येतात. सगळीकडे निदानाच्या सोयी सारख्या नव्हत्या, वयाचा फरक नीट धरला गेला का हाही प्रश्न आहे. पण मला त्यातलं वेगळंच काही भिडलं. मनमाड-हैदराबाद लाइनवर घण घेऊन चालणारे आजोबा त्या दहा लाखांतला एक आकडा असणार. त्यांच्या हृदयाची पहिली नोंद विज्ञानानं घेतली तेव्हा ते पंचविशीचे होते, जिवंत होते, आणि त्यांना याचा पत्ताही नव्हता.

*

आता फेब्रुवारी २०१३. हा महिना तेलांच्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखा आहे.

महिन्याच्या सुरुवातीला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक लेख आला. ऑस्ट्रेलियात सिडनीला १९६६ ते १९७३ दरम्यान एक प्रयोग झाला होता. ३० ते ५९ वयाचे ४५८ पुरुष घेतले होते, सगळे नुकत्याच हृदयाच्या झटक्यातून वाचलेले. त्यातल्या २२१ जणांना सांगितलं की लोणी-चरबी सोडा आणि करडईचं तेल आणि करडईचंच मार्गारिन खा. बाकीच्यांना तेलाबद्दल काही सांगितलं नाही. १९७८ मध्ये निष्कर्ष छापले गेले, पण अपुरे. कोण कशानं गेलं हे त्यात नव्हतं. पुढे अमेरिकेतल्या ख्रिस्तोफर रॅम्सडेन यांच्या गटानं ती जुनी चुंबकीय टेप मिळवली, आकडे परत बाहेर काढले आणि हिशेब केला. करडईवाल्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं होतं, ठरल्याप्रमाणे. पण त्यांच्यात मृत्यू १७.६ टक्के, आणि ज्यांना काही सांगितलं नव्हतं त्यांच्यात ११.८ टक्के. हृदयविकाराचेच धरले तर १६.३ विरुद्ध १०.१.

मी हे पहिल्यांदा वाचलं ते रात्री दोन वाजता, दवाखान्याच्या वऱ्हांड्यातल्या खुर्चीवर, फोनवर. आत पप्पा होते. झटक्यातून वाचलेले पुरुष, तीस ते एकोणसाठ, करडईचं तेल. हे आजोबांचंच वर्णन होतं. १९९१ मध्ये कॅन आला. १९९५ मध्ये दुसरा झटका आला आणि ते गेले.

त्याच फेब्रुवारी २०१३ च्या शेवटच्या आठवड्यात स्पेनमधून दुसरी बातमी आली. प्रेडिमेड नावाचा प्रयोग, ७४४७ माणसं, हृदयविकाराचा धोका असलेली पण झटका न आलेली. एका गटाला एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल फुकट दिलं, घरटी आठवड्याला एक लिटर. दुसऱ्याला सुकामेवा. तिसऱ्याला चरबी कमी करण्याचा सल्ला. पाचेक वर्षांनी पहिल्या दोन्ही गटांत झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसले. त्यातही मुख्य फरक पक्षाघाताचा. जगभर मथळे आले. एकाच महिन्यात एक तेल गादीवरून उतरलं आणि दुसरं बसलं.

गोष्ट इथं संपली असती तर सोपं होतं. जून २०१८ मध्ये प्रेडिमेडचा तो लेख मागे घेण्यात आला. माणसं गटांत वाटताना गडबड झाली होती. एका ठिकाणी तर चिठ्ठी प्रत्येक माणसाची निघायला हवी ती अख्ख्या दवाखान्याची निघाली होती, म्हणजे त्या गावात सगळ्यांना एकच तेल. संशोधकांनी हिशेब नव्यानं करून लेख पुन्हा छापला. निष्कर्ष साधारण तोच राहिला, भाषा मात्र सावध झाली.

सिडनीच्या प्रयोगाचंही तसंच. माणसं थोडी होती. मार्गारिनमध्ये ट्रान्स फॅट असण्याची शक्यता होती. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१७ मध्येही सांगितलं की संपृक्त चरबीच्या जागी अशी बियांची तेलं घेतल्यानं फायदाच होतो. म्हणजे सिडनीचे ते ४५८ पुरुष करडईविरुद्धचा शेवटचा शब्द नाहीत. पण "करडई म्हणजे हृदय" एवढ्या खात्रीनं जे छापलं जात होतं, तेवढी खात्री कुणाकडेच नव्हती, हे त्यांनी दाखवलं.

*

मग करडी गेली ती यामुळे का? मुळीच नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नल बदनापूरला कोण वाचतं? ती आधीच गेली होती.

ऐंशीच्या दशकात देशात करडईचं क्षेत्र आठ लाख हेक्टरांच्या पुढे होतं, आणि त्यातला मोठा वाटा महाराष्ट्राचा, म्हणजे मराठवाडा आणि सोलापूरच्या पट्ट्याचा. आज देशाचं सगळं क्षेत्र मिळून लाखाच्या आत आहे. कारणं सांगायला कृषी विद्यापीठ लागत नाही, आजीच्या भावाचा मुलगा बांधावर उभा राहून सांगतो. सोयाबीन आलं. खरिपातच पैसा मिळायला लागला. पाणी असलं तर रब्बीला हरभरा किंवा गहू. करडीवर मावा पडतो. आणि काटे! मजूर म्हणतो, दुप्पट रोज दिला तरी नको. फलटणच्या निंबकर संस्थेनं बिनकाट्याची वाणं काढली, परभणीच्या विद्यापीठानंही चांगली वाणं दिली, 'परभणी कुसुम'सारखी. पण काटा काढला तरी भावाचं काय करणार?

भाव पाडला तो समुद्रापलीकडच्या तेलानं. १९९४ मध्ये सरकारनं पामोलिनची आयात खुली केली, ६५ टक्के शुल्क लावून. १९९८ पर्यंत ते शुल्क १५ टक्क्यांवर आलं. त्याच १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलानं साठावर माणसं गेली आणि खाद्यतेल बंद पॅकमध्येच विकायचा आदेश निघाला. भेसळ थांबायलाच हवी होती. पण त्या आदेशाखाली गावोगावचा सुटं तेल विकणारा घाणेवालाही आला. त्यानं पिशव्या कुठून आणाव्यात, लेबल कुठून छापावं? बदनापूरकडचा घाणा बंद पडला. आजीचा भाऊ दिवाळीला पाच किलो तेल घेऊन यायचा, ते थांबलं. आमच्या घरातही पामोलिन आलं, मग सोयाबीन, मग सूर्यफूल. दुकानदार जे स्वस्त सांगेल ते. सफोलाच्याच नावानं आज जो सोनेरी कॅन मिळतो त्याच्या घटकांत पहिलं नाव तांदळाच्या कोंड्याच्या तेलाचं आहे.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती कॅलिफोर्नियात घडली.

ऑलिव्ह तेलात मुख्य असतं ते ओलिक आम्ल, साधारण पाऊण हिस्सा. करडीत पाऊण हिस्सा लिनोलिक. लिनोलिक तापवल्यावर लवकर बिघडतं, ओलिक जास्त टिकतं. दोन तेलांमधला मोठा फरक हाच. एक्स्ट्रा व्हर्जिनमध्ये फळातली इतर द्रव्यंही उतरतात, ती वेगळी. आता, डेव्हिस इथल्या विद्यापीठात पॉल्डेन नोल्स नावाचे करडईचे पैदासकार होते. १९६३ मध्ये त्यांनी आणि मुतवकील यांनी एक शोधनिबंध छापला. करडईच्या काही निवडींमध्ये तेल उलटंच निघत होतं, ओलिक भरपूर आणि लिनोलिक थोडं. म्हणजे करडीच्या बियात जवळजवळ ऑलिव्हचं तेल. हा गुण एकाच जनुकानं ठरतो, असं त्यांना दिसलं. आणि ते बियाणं कुठलं होतं? निबंधाच्या शीर्षकातच आहे, भारतातलं. त्यावरून त्यांनी साठच्या दशकातच यूसी-१ नावाचं वाण बाहेर काढलं. आज अमेरिकेतल्या दुकानांत जे 'हाय ओलिक सॅफ्लॉवर' तेल मिळतं, त्याचं कूळ या बियाण्यापर्यंत जातं. हैदराबादच्या तेलबिया संशोधन संस्थेनं उच्च ओलिकची आपली वाणं काढली ती अगदी अलीकडे, आणि तोवर पेरणाराच उरला नव्हता.

म्हणजे ज्याच्यासाठी भावानं हजाराच्या वर मोजले, तशा तेलाचं बी इथल्याच कुठल्यातरी धुऱ्यावर असू शकत होतं.

बाटलीचं सांगायचं राहिलं. पंधरा दिवसांनी मी तिचं लेबल नीट वाचलं. त्यावर बारीक अक्षरात 'पोमेस' लिहिलेलं होतं. ऑलिव्ह दाबून तेल काढल्यावर जो चोथा उरतो, त्यातून द्रावकानं काढलेलं आणि रिफाइंड केलेलं ते तेल. ओलिक आम्ल त्यात असतं, पण स्पेनमध्ये लोकांना वाटलं ते हे नव्हे. आपल्या भाषेत सांगायचं तर पेंडीतलं तेल. आजीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे म्हशीचं." मग आम्ही सगळेच हसलो, पप्पासुद्धा, टाके नव्हते म्हणून बरं.

पप्पांच्या फॉलोअपला मी डॉक्टरांना विचारलं, नक्की कोणतं तेल? त्यांनी कागदावरून मान न उचलता विचारलं, घरात महिन्याला किती लागतं? मी म्हटलं आठ लिटर, माणसं पाच. त्यांनी कागदावरच हिशेब केला. माणशी वर्षाला साडेसतरा किलो. देशाची सरासरी नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात १९.७ किलो आहे, आणि शिफारस १२ ची. "नावाचं नंतर बघू," ते म्हणाले, "आधी हा आकडा खाली आणा. आणि तंबाखू." पप्पांनी खिडकीबाहेर बघितलं.

आता आमच्याकडे महिन्याला साडेचार लिटर येतं. त्यातलं एक करडीचं, सिडकोतल्या एका लाकडी घाण्यावरून. बोर्ड लावून, पॅक करून, लेबल चिकटवून. ते कच्चंच, चटणीवर नाहीतर ज्वारीच्या भाकरीबरोबर. फोडणी शेंगदाण्याच्या तेलाची, चमचा मोजून. ऑलिव्हची बाटली संपली, नवी आणली नाही.

सिडनीचं मी आजीला बरेच दिवस सांगितलं नव्हतं. मागच्या संक्रांतीला ती घाण्यावरचं तेल वाटीत काढून वास घेत होती, आणि मीच बोलून गेले. सगळं सांगितलं, टेपसकट. तिनं वाटी खाली ठेवली.

"मग तुझे आजोबा त्या डब्यानं गेले का?"

"नाही आजी. तसं एका माणसाचं सांगता येत नाही. त्यांची बिडी कुठं सुटली होती?"

"बिडी म्या लपवायचे," ती म्हणाली. "पण डब्याला चार वर्षं पैसे दिले, तवा मला वाटायचं आपण काहीतरी करतोय."

तिनं वाटी पुन्हा उचलली, थोडं तेल लसणाच्या चटणीवर ओतलं आणि ताट पप्पांच्या पुढे सरकवलं.